अमेरिकेची वेळ सांगणारी पाच साधनं आणि फिनिक्सची परीक्षा

साधन कोणतंही असो, त्याला पहिला प्रश्न फिनिक्सचा विचारावा. जानेवारीत पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले असताना फिनिक्समध्ये किती? सकाळचे नऊ. जुलैत? तरीही नऊच. आता तोच प्रश्न डेनव्हरसाठी: जानेवारीत नऊ, जुलैत दहा. लॉस एंजेलिससाठी: जानेवारीत आठ, जुलैत नऊ. म्हणजे फिनिक्स हिवाळ्यात डेनव्हरच्या पंगतीला बसतं आणि उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या. या सहा उत्तरांत जे साधन अडखळतं त्याच्यावर मीटिंग ठरवू नये आणि विमानतळावर कुणाला आणायलाही जाऊ नये.

हिंजवडी-खराडीत अमेरिकन टीमबरोबर काम करणारे आणि मुलं न्यूजर्सी नाहीतर बे एरियात असलेले कोथरूड-सहकारनगरचे आईवडील, पुण्यात हे दोघेही तोच हिशोब रोज करतात. त्यांच्या हाताशी असलेल्या पाच गोष्टी इथे पारखल्या आहेत: फोनमधलं वर्ल्ड क्लॉक, गूगल कॅलेंडर (जोडीला आउटलुक), टाइमअँडडेट डॉट कॉमचा मीटिंग प्लॅनर, कॅसिओचं एई-१२०० मनगटी घड्याळ आणि ऑफिसच्या रिसेप्शनमागची चार भिंतीवरची घड्याळं. निकष तीनच. साधन गावाचं नाव विचारतं का? तारीख विचारतं का? वर्षातून दोनदा आपलं आपण बदलतं का?

हे निकष का, ते कळायला अमेरिकेची घडी थोडी उलगडावी लागेल. मुख्य भूमीवर वेळेचे चार पट्टे, म्हणजे टाइम झोन, आहेत: ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक. अलास्का आणि हवाई धरून पन्नास राज्यांत सहा. पट्टे आधी रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ला लागू केले, कायदा आला १९१८मध्ये. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याच्या प्रकाराला, म्हणजे डेलाइट सेव्हिंगला, देशभर एक शिस्त लागली १९६६च्या युनिफॉर्म टाइम ॲक्टने. हल्लीच्या तारखा २००७पासूनच्या आहेत: मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार. २०२६मध्ये १ नोव्हेंबरला घड्याळं तासभर मागे जातात, २०२७मध्ये १४ मार्चला पुढे आणि ७ नोव्हेंबरला पुन्हा मागे.

पुण्याहून न्यूयॉर्क उन्हाळी वेळेत साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. शिकागोला त्यात एक तास मिळवा, डेनव्हरला दोन, लॉस एंजेलिसला तीन. फिनिक्स बारमाही साडेबारा, होनोलुलू बारमाही साडेपंधरा. एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं अपवादांत आहे. डेलाइट सेव्हिंग नको असेल तर राज्याला बाहेर राहता येतं. हवाई आणि ॲरिझोना तसे बाहेर आहेत. पण ॲरिझोनाच्या ईशान्येला पसरलेलं नावाहो नेशन, म्हणजे नावाहो या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश, घड्याळ बदलतं, आणि त्या नावाहो प्रदेशाने वेढलेले होपी लोक बदलत नाहीत. उन्हाळ्यात त्या भागात सरळ गाडी चालवत गेलं तर वेळ दोन-तीनदा बदलू शकते. राज्यांच्या सीमाही पाळल्या जातातच असं नाही. टेक्सास सेंट्रलमध्ये, पण एल पासो माउंटनमध्ये. मायामी ईस्टर्न, त्याच फ्लोरिडातलं पेन्सकोला सेंट्रल. टेनेसीत नॅशव्हिल सेंट्रल, नॉक्सव्हिल ईस्टर्न. इंडियानात इंडियानापोलिस ईस्टर्न, एव्हन्सव्हिल सेंट्रल. तेव्हा ‘टेक्सासमध्ये किती वाजले?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. गाव सांगा.

आणखी एक खोच. अख्ख्या युरोपात बदल एकाच क्षणी होतो. अमेरिकेत प्रत्येक पट्टा आपापल्या पहाटे दोन वाजता बदलतो. आपल्याकडे तेव्हा रविवारची दुपार असते: मार्चमध्ये न्यूयॉर्क दुपारी साडेबाराला बदलतं आणि लॉस एंजेलिस साडेतीनला, नोव्हेंबरमध्ये साडेअकरा आणि अडीचला. मधल्या वेळात पट्ट्यांमधलं नेहमीचं अंतरही टिकत नाही. नोव्हेंबरच्या त्या रविवारी तासभर न्यूयॉर्क आणि शिकागोची घड्याळं एकच वेळ दाखवतात. त्या दुपारी कुठल्याही साधनाची परीक्षा घेऊ नये, सोमवारी घ्यावी.

आता एकेक साधन.

फोनमधलं वर्ल्ड क्लॉक दोन निकषांत पास, एकात नापास. आयफोन असो वा अँड्रॉइड, घड्याळाच्या ॲपमध्ये शहर शोधून टाकायचं. फिनिक्स वेगळं मिळतं, एल पासो वेगळं मिळतं, बदलही आपोआप होतो. पण ते फक्त ‘आत्ता’ सांगतं. पुढच्या महिन्यातल्या मंगळवारचं त्याला विचारता येत नाही, आणि ऑक्टोबरात बसून नोव्हेंबरची वेळ ठरवणारे इथेच एका तासाने घसरतात. घरी फोन करण्यापुरतं मात्र याच्याइतकं सोपं काही नाही. ज्येष्ठांच्या फोनवर मुलाच्या शहराचं विजेट पहिल्या पानावर ठेवून द्यावं, काम झालं. शनिवारी पुण्यात सकाळचे आठ ही बरी वेळ: उन्हाळ्यात न्यूयॉर्कला शुक्रवारचे रात्रीचे साडेदहा, लॉस एंजेलिसला संध्याकाळचे साडेसात. पुण्याचे प्रसिद्ध एक ते चार मात्र टाळावेत. न्यूयॉर्कला तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन ते साडेसहा असतात, आणि झोपमोड केल्याचं पाप दोन्ही खंडांत सारखंच लागतं.

फोन जुना असेल तर एक चाचणी करून घ्यावी. जगातल्या सगळ्या पट्ट्यांचे नियम एका सामायिक कोशात असतात. त्यात ‘अमेरिका/न्यूयॉर्क’, ‘अमेरिका/फिनिक्स’, ‘एशिया/कोलकाता’ अशा नावांच्या नोंदी असतात, आणि एखाद्या देशाने कायदा बदलला की कोश बदलतो. बदललेला कोश फोनपर्यंत पोचतो तो अपडेटमधून. अँड्रॉइड १०पासून पुढे तो प्ले स्टोअरच्या वाटेने येऊ शकतो. त्याआधीच्या फोनला अख्ख्या सिस्टिमचं अपडेट लागतं, जे कंपनीने केव्हाच थांबवलेलं असतं. मेक्सिकोने २०२२मध्ये बहुतेक भागातलं डेलाइट सेव्हिंग बंद केलं. म्हणून जून-जुलैत मेक्सिको सिटीची वेळ पाहा. पुण्याहून साडेअकरा तास मागे दिसली तर कोश ताजा आहे. साडेदहा दिसली तर फोन जुन्याच कायद्यावर चाललाय आणि उद्या अमेरिकेने नियम बदलले तर तो गाफील राहणार. अमेरिकेत तशी चर्चा अधूनमधून उठतेच. घड्याळ कायमचं पुढे ठेवण्याचं विधेयक २०२२मध्ये सिनेटने मंजूर केलं होतं, प्रतिनिधिगृहात ते अडलं.

गूगल कॅलेंडर तिन्ही निकषांत पास होतं, आणि तरीही सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. दोष कॅलेंडरचा नाही. दर आठवड्याला येणारी मीटिंग कुठल्या गावाच्या घड्याळाला बांधली आहे, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. मीटिंग न्यूयॉर्कच्या माणसाने तिथल्या सकाळी नऊला लावली असेल तर ती न्यूयॉर्कच्या नऊला चिकटते. उन्हाळाभर पुण्यात ती संध्याकाळी साडेसहाला दिसते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेसातला. मीटिंग पुण्याच्या माणसाने लावली असेल तर उलट: पुण्यात साडेसहा कायम, आणि न्यूयॉर्कच्या लोकांना ती अचानक सकाळी आठला दिसू लागते. तिथले लोक आठला येत नाहीत, इथले साडेसहाला ताटकळत बसतात, आणि दोघांच्याही कॅलेंडरमध्ये आपापल्या परीने बरोबरच लिहिलेलं असतं.

उपाय सोपा आहे. आधी ठरवायचं की वेळ कुणाची अचल राहणार. क्लायंटची राहणार असेल तर मीटिंग पुण्यातून लावतानाही तिचा पट्टा न्यूयॉर्कचा निवडायचा. इव्हेंट पूर्ण उघडला की वेळेच्या शेजारी ‘टाइम झोन’ असा दुवा असतो. तिथे ‘ईस्टर्न टाइम – न्यूयॉर्क’ निवडा आणि वेळ त्यांच्या हिशोबाने नऊ टाका. उलट शिफ्टच्या कॅबची वेळ किंवा पाळणाघर यांमुळे पुण्याची वेळ हलवणं शक्य नसेल तर पट्टा भारताचाच ठेवा आणि समोरच्यांना ऑक्टोबरातच कळवून टाका. टाइम झोनच्या त्याच चौकटीत सुरुवातीला आणि शेवटाला वेगवेगळा पट्टा देण्याची सोय आहे. विमानप्रवास नोंदवायला ती फार उपयोगी. मुंबईहून सुटण्याची वेळ भारताची, उतरण्याची तिथली, आणि मधले तास कॅलेंडर स्वतः मोजतं.

सेटिंग्जमध्ये टाइम झोनच्या भागात दुसरा पट्टा दाखवण्याची खूण असते. ती केली की दिवसाच्या उभ्या रकान्याला दोन वेळा शेजारी शेजारी दिसतात. त्याच पानावर वर्ल्ड क्लॉकही आहे. पट्टा निवडताना यादी नीट वाचा. ‘माउंटन टाइम – डेनव्हर’ आणि ‘माउंटन स्टँडर्ड टाइम – फिनिक्स’ या दोन वेगळ्या ओळी आहेत, आणि त्या ‘स्टँडर्ड’ शब्दावर उन्हाळ्यातला एक अख्खा तास अवलंबून आहे.

लंडनही मीटिंगमध्ये असेल तर वर्षातून दोन काळ जास्त जपावेत. युरोपचा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, अमेरिकेचा त्या दिवशी नाही. २०२६मध्ये २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या आठवड्यात न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे पुण्यात नेहमीचेच साडेसहा, पण लंडनला दोनऐवजी दुपारचा एक. आठवड्याभराने न्यूयॉर्क हलतं, लंडनला पुन्हा दोन वाजतात, आणि या वेळी गोंधळायची पाळी पुण्याची असते. मार्चमधली ही फट आणखी मोठी, दोन ते तीन आठवड्यांची.

आउटलुकमध्ये हेच सगळं थोड्या जुन्या वळणाने होतं. डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये तीन पट्टे एकावेळी दिसतात, ही गूगलवर मात. पण विंडोजच्या यादीत पट्ट्याशेजारी जो आकडा छापलेला असतो तो बारा महिने हिवाळ्याचाच असतो. ईस्टर्न टाइमपुढे (ग्रीनिचच्या वेळेपासून) उणे पाच तास लिहिलेलं दिसेल, जुलैतसुद्धा, जेव्हा खरा फरक उणे चार असतो. तो आकडा पाहून ‘हे चुकीचं दाखवतंय’ म्हणून भलताच पट्टा निवडणारे पुष्कळ. आकड्याकडे दुर्लक्ष करा, नाव पाहा. ॲरिझोना आणि पूर्व इंडियाना यांच्या तिथे स्वतंत्र नोंदी आहेत.

टाइमअँडडेट डॉट कॉम ही नॉर्वेतल्या स्टाव्हँगरच्या कंपनीची साइट. मीटिंग प्लॅनर फुकट आहे, जाहिराती सहन कराव्या लागतात. शहरं टाकायची (यादीत पुणे आहे, मुंबईवर भागवावं लागत नाही), तारीख निवडायची, आणि तास-तासाचा तक्ता समोर येतो: कामाचे तास हिरवे, अडनिडे पिवळे, झोपेचे लाल. तारीख आधी विचारते म्हणून ही साइट आमच्या लेखी पहिली. नोव्हेंबरची तारीख दिली तर नोव्हेंबरच्याच नियमाने उत्तर देते. हाच हिशोब फोनच्या घड्याळावरून बोटांवर करणारा माणूस आजचा फरक पुढच्या महिन्यावर लावत असतो.

तक्ता वाचताना एक गोष्ट लगेच कळते. पुणे आणि लॉस एंजेलिस या जोडीत दोन्हीकडे हिरवं कधीच येत नाही. तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. कुणीतरी पिवळ्यात बसायचंच आहे; प्रश्न इतकाच की दर वेळी पुण्यानेच का. आलटून पालटून सकाळी साडेसात आणि रात्री साडेनऊ अशी वाटणी मागायला हा तक्ता पुरावा म्हणून उत्तम. उन्हाळ्यात पुण्याचे साडेसात म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. साइटची उणीव एकच: फोनच्या छोट्या पडद्यावर रुंद तक्ता सारखा आडवा सरकवावा लागतो. कॉम्प्युटरवरच वापरा. खूप लोकांना एकच वेळ कळवायची असेल तर तिथलाच इव्हेंट टाइम अनाउन्सर पाहावा. त्याचा दुवा पाठवला की ज्याला त्याला आपापल्या गावची वेळ दिसते.

या साइटवर काय, साध्या गूगल सर्चमध्ये काय, एक सवय सोडावी लागेल: ‘ईएसटी’ टाइप करण्याची. ईएसटी ही ईस्टर्न पट्ट्याची हिवाळ्याची वेळ, ईडीटी उन्हाळ्याची. जुलैत कुणी ‘दुपारी ३ ईएसटी’ लिहिलं तर त्याच्या मनात पुण्याचे रात्रीचे साडेबारा असतात. अक्षरशः वाचणारं साधन दीड सांगेल. आपल्या ‘आयएसटी’चीही तीच गत, कारण इस्रायल आणि आयर्लंडही हीच तीन अक्षरं वापरतात. मेलमध्ये ‘न्यूयॉर्क वेळ’, ‘पुणे वेळ’ असं लिहावं, जोडीला तारीख आणि वार. तिथला सोमवार रात्री नऊ म्हणजे इथला मंगळवार सकाळ, हे दर वेळी समोरच्याच्या लक्षात येईलच असं नाही.

कॅसिओ एई-१२०० हे चौकोनी डिजिटल घड्याळ कॉलेजच्या पोरांपासून निवृत्तांपर्यंत सगळ्यांच्या मनगटावर दिसतं. पडद्यावर जगाचा इवलासा नकाशा, ३१ पट्टे, ४८ शहरं, दहा वर्षं चालणारी बॅटरी. वस्तू झकास आहे. पण डेलाइट सेव्हिंग ते आपोआप लावत नाही. वर्ल्ड टाइम मोडमध्ये शहर आणायचं, ॲडजस्टचं बटण दाबून धरायचं, डीएसटीची (डेलाइट सेव्हिंग टाइमची) खूण उमटली की तास पुढे गेला. नोव्हेंबरात हेच उलटं. विसरलात तर चार महिने एका तासाने चुकीची वेळ, आणि तीही पूर्ण आत्मविश्वासाने दाखवलेली. फिनिक्ससाठी डेनव्हरची वेळ लावा आणि डीएसटी कायम बंद ठेवा. भारतासाठी दिल्लीचा संकेत आहे, तो चालतो. मात्र चुकून दिल्लीवरच डीएसटी लागलं तर पुण्याची वेळ तासभर पुढे पळते. घड्याळ अचानक बरोबर एक तास पुढे दिसलं तर दुकानात नेण्याआधी ती खूण पाहावी. नकाशा पाहून घड्याळ घ्यायचं असेल तर जरूर घ्या. मीटिंगसाठी म्हणून घेऊ नका.

राहिली भिंतीवरची चार घड्याळं: पुणे, लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को. साधी क्वार्ट्झ, एका पेन्सिल सेलवर चालणारी, महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे. तीन निकषांपैकी एकही ती पाळत नाहीत, शिवाय सकाळ की रात्र हेही सांगत नाहीत. तरी त्यांचा एक फायदा आहे, तो अर्ध्या तासाचा. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे पुण्याचा मिनिटकाटा बाकीच्या तिघांच्या बरोबर समोर असतो. तिथे काटा बारावर, इथे सहावर. तसा दिसला नाही की एखादं घड्याळ मागे पडलंय हे लांबूनच कळतं.

तबकडीवरून झटपट हिशोबही जमतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कसाठी पुण्याच्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळची रात्र, रात्रीची सकाळ करा: संध्याकाळचे साडेसहा, तिथे सकाळचे नऊ. हिवाळ्यात दीड तास मिळवा. सॅन फ्रान्सिस्कोसाठी उन्हाळ्यात अर्धा तास वजा, हिवाळ्यात दीड तास वजा, सकाळ-रात्र तशीच उलटी. न्यूयॉर्कच्या हिशोबात पुण्याची वेळ मध्यरात्रीपलीकडे गेली की तारखेकडेही लक्ष ठेवावं. सकाळी साडेनऊच्या आत पुण्यात नवा दिवस असतो, तिथे उन्हाळ्यात अजून कालचाच.

ऑफिसच्या ॲडमिनने ही घड्याळं बदलण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकावी आणि त्याच्या कॅलेंडरमध्ये चार तारखा लिहून ठेवाव्यात, दोन अमेरिकेच्या आणि दोन लंडनच्या. नोव्हेंबरात काटे उलटे फिरवायचे नसतील तर सेल काढून ठेवून तासाभराने पुन्हा घालावा. क्लायंट ॲरिझोनाचा असेल तर फिनिक्सचं घड्याळ वेगळं लावावं आणि त्याच्या मागे चिठ्ठी चिकटवावी: ‘हे बदलू नये.’ नाहीतर मार्चमध्ये कुणीतरी उत्साहाने तेही पुढे करून ठेवतं.